तक्रारीला मुदत, निकालालाही

अमेरिकेत सरकारी कंत्राट देताना अन्याय झाला असे हरलेल्या कंपनीला वाटले, तर तिला गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसकडे दाद मागता येते. मात्र कारण कळल्यापासून, किंवा कळायला हवे होते तेव्हापासून, 10 दिवसांत. मधले शनिवार-रविवारही त्यात धरले जातात. वॉशिंग्टनच्या घड्याळात सायंकाळचे साडेपाच वाजून गेले, की अर्ज पुढच्या दिवसाचा ठरतो. निविदेच्या अटींतच उघड खोट असेल, तर निविदा भरण्याची वेळ संपण्यापूर्वीच बोलावे लागते. हरल्यावर अटींना नावे ठेवता येत नाहीत. हा नियम आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो.

मुदत कडक असली तरी ती एकतर्फी नाही. विहित दिवसांत तक्रार आली, तर तातडीची निकड किंवा देशाचे हित दाखवल्याशिवाय खात्याला काम पुढे रेटता येत नाही, आणि निकाल 100 दिवसांत द्यावाच लागतो.

आपल्याकडे सार्वजनिक खरेदी विधेयक 2012 मध्ये लोकसभेत आले आणि 2014 मध्ये त्या लोकसभेबरोबरच बारगळले. राजस्थानने 2012 मध्येच स्वतःचा कायदा करून अपिलाची वाट ठेवली. केंद्रीय कायद्याअभावी इतरत्र वाद अनेकदा थेट उच्च न्यायालयात जातो आणि तोवर पूल, पाणीयोजना, शाळेची इमारत अडून राहते. केंद्राने ते विधेयक पुन्हा आणावे आणि तक्रारीची व निकालाची, दोन्ही मुदती त्यात दिवस मोजून लिहाव्यात.