बापाची परीक्षा

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले; त्यांतील हजारोंना पुन्हा गिरणीचा भोंगा ऐकता आला नाही. साच्यावरच्या कसबाला गिरणीबाहेर फारसे मोल नव्हते. घरी राहून, मराठीतून पदवी देणारे मुक्त विद्यापीठ नाशिकला उभे राहिले, ते १९८९ मध्ये. तोवर अनेकांची उमेद संपली होती.

आज चाळिशीत नोकरी गमावणाऱ्यासाठी दारे उघडी आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर पदवीच्या एका वर्षाच्या अभ्यासालाही प्रमाणपत्राची मान्यता देऊ केली. अडसर उरतो तो घरचा आणि समाजाचा. ‘या वयात कॉलेज?’ हा प्रश्न शुल्कापेक्षा जड असतो. पदवी म्हणजे नोकरीची हमी नव्हे, हे खरेच. परंतु रिकाम्या हातांनी वाट पाहण्यापेक्षा शिकत राहणे केव्हाही श्रेयस्कर.

अशा शेजाऱ्याला कीव नको. प्रवेशअर्ज भरताना सोबत, अभ्यासाला निवांत जागा आणि पहिल्या वर्षाच्या शुल्काला हातभार हवा. मुलाच्या परीक्षेला घर दूरदर्शनसंच बंद ठेवते. बापाच्या परीक्षेलाही तो बंद राहिला पाहिजे.