गरज सरो, ब्लेड मरो

कृष्णवर्णीय सुपरहिरोसाठी प्रेक्षकांची अजून तयारी नाही, हे हॉलिवूडचं पालुपद ऐकून माझे कान किटलेत. मग १९९८ साली ‘ब्लेड’ पाहायला काय स्टुडिओवाल्यांचे व्याही आले होते? मार्व्हलने १९९६मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला होता. त्या पडझडीनंतर त्यांच्या पात्रांची पडद्यावर पहिली भवानी झाली ती वेस्ली स्नाइप्सच्या या व्हॅम्पायर मारणाऱ्या नायकामुळे. सुमारे ४.५ कोटी डॉलर घातले, १३ कोटींच्या वर निघाले. ‘एक्स-मेन’, ‘स्पायडर-मॅन’ सगळे त्याच्या मागून आले.

त्याची परतफेड बघा. २०१९मध्ये मार्व्हलने दोन ऑस्कर मिळवलेल्या माहेरशाला अलीच्या डोक्यावर ब्लेडची टोपी चढवून टाळ्या घेतल्या. मग दिग्दर्शक आले, दिग्दर्शक गेले आणि २०२४मध्ये चित्रपट वेळापत्रकातूनच उडवला. त्याच वर्षी ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’मध्ये स्नाइप्सला पुन्हा उभं केलं, ब्लेड एकच, दुसरा होणे नाही, असं त्याच्याच तोंडून वदवलं, आणि डेडपूलने हळूच कॅमेऱ्याकडे पाहून घेतलं. स्वतःच्या नाकर्तेपणावर विनोद करायचा आणि त्यालाही तिकीट लावायचं! या निर्लज्जपणाला मात्र माझी मनापासून दाद.

बरं, हिशेब तरी सगळ्यांना सारखा लावा. टीव्हीवरच्या ‘जस्टिस लीग’ कार्टूनवर वाढलेल्या पोरांसाठी ग्रीन लँटर्न म्हणजे जॉन स्टुअर्ट: कृष्णवर्णीय, माजी मरीन, शिस्तीचा माणूस. २०११च्या चित्रपटात त्याला डावलून गोरा हॅल जॉर्डन आणला आणि चित्रपट सपशेल आपटला. त्यावरून गोरे नायक चालत नाहीत, असं कोणी म्हणालं? छे!

२०१७च्या ‘जस्टिस लीग’ चित्रपटात सायबॉर्ग हा कृष्णवर्णीय नायक होता, म्हणजे पोस्टरवर होता. त्याचा फुटबॉल, तो अपघात, आईचा मृत्यू, बापावरचा राग, कात्री चालली ती नेमकी तिथे. २०२१मध्ये दिग्दर्शक स्नायडरची आवृत्ती आली तेव्हा कुठे लोकांना कळलं की या पोराला स्वतःची गोष्ट होती.

गेमवाले तरी वेगळे असतील? ‘ब्लॅक पँथर’ने २०१८मध्ये १३० कोटी डॉलरहून अधिक कमावले. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने २०२३मध्ये त्याच्यावरचा गेम जाहीर केला, मे २०२५मध्ये रद्द केला, बनवणारा स्टुडिओही बंद केला. धंद्याची कारणं असतील, मान्य. पण खर्चाला कात्री लावायची वेळ आली की यादीत या नायकांचं नाव बरं सापडतं! आणि पुन्हा प्रेक्षकांकडे बोट दाखवणार असाल, तर आधी ते १३० कोटी परत करा.