कोवळ्या मातांना घर हवे

जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा गरोदर राहिलेल्या विधवेपुढे बहुधा विहीर किंवा काशी एवढ्याच वाटा असत. या गृहात मात्र बाळंतपणानंतर मूल न्यायचे की तेथेच ठेवायचे, हे मातेवर सोपवलेले होते. अशाच एका मातेचा, काशीबाईंचा, मुलगा यशवंत या दांपत्याने दत्तक घेतला. तो डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी त्याच्यासोबत रुग्णसेवा करताना देह ठेवला. १८७५ मध्ये पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर यांनीही असेच कार्य आरंभले.

आज प्रश्नाचे रूप पालटले आहे. माता मात्र अधिकच कोवळी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते १९ वयाच्या ७.६ टक्के मुली माता वा गरोदर आढळल्या. ऊसतोडीला जाताना तरुण मुलीला घरी कोणाच्या भरवशावर ठेवायचे, या धास्तीने उरकलेली लग्ने त्यात आहेत, तसेच अत्याचारही आहेत. अशा मुलीला माहेर-सासर दोन्ही पारखे झाले, तर तिने जायचे कोठे?

२०२३ मध्ये केंद्राने निर्भया निधीतून ७४ कोटी १० लाखांची योजना आणली. घराने टाकलेल्या अत्याचारपीडित गरोदर बालिकांना बालगृहात स्वतंत्र जागा आणि पुढे २३ व्या वर्षापर्यंत आधार, अशी तिची चौकट आहे. तिचे स्वागतच करावयास हवे. परंतु अनेकदा आई बालगृहात आणि तान्हे शिशुगृहात, अशी ताटातूट होते. मूल सोडणाऱ्या मातेस कायदा फेरविचारासाठी दोन महिने देतो. डोक्यावर छप्पर नसलेल्या सतरा वर्षांच्या मुलीने त्या दोन महिन्यांत विचार तरी कशाचा करायचा? ती संमती नव्हे, अगतिकता होय!

आठ-दहा माता आपापल्या लेकरांसह राहतील, पाळण्यातले मूल सांभाळायला कोणी असेल आणि आईची दहावी पुरी होईल, अशी लहान घरे हवीत. कुटुंबव्यवस्थेचा अभिमान मिरवणारी आपली मध्यमवर्गीय वसाहतच ‘आमच्या शेजारी नको’ म्हणते, हे क्लेशदायक आहे. निवृत्त परिचारिका, शिक्षिका आणि एखादा रिकामा वाडा तालुक्याच्या गावीही मिळू शकेल. मात्र संस्थेची रीतसर नोंदणी हवीच, आणि आसऱ्याला आलेल्या अल्पवयीन मुलीस २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे नेलेच पाहिजे.