संशोधकाचे चरित्र लिहिताना दाखला कोणता मानावा?



समजा, तुम्ही धाराशिव जिल्ह्यातील ढोकी या गावी नववीत शिकत आहात. इंटरनेटवर मराठी विकिपीडिया नावाचा एक मुक्त ज्ञानकोश २००३ सालापासून चालू आहे. त्यात कोणालाही लेख लिहिता येतो. विज्ञान दिनाच्या निमित्ताने तुमच्या वर्गाने ठरवले, की आपण एका मराठी संशोधकाचे चरित्र त्यात लिहायचे. लगेच कोणीतरी म्हणाले, "शिवकर बापूजी तळपदे! राइट बंधूंच्या आधी आठ वर्षे, म्हणजे १८९५ साली, त्यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले होते." सर्वांनी माना डोलावल्या. लेख लिहून झाला. दुसऱ्याच दिवशी ज्ञानकोशाच्या एका संपादकाने विचारले, "याला आधार काय?"

तुम्हाला राग येईल. आपल्या माणसाचे कौतुक याला का बघवत नाही, असेही वाटेल. पण माझे मत असे आहे, की हा प्रश्न म्हणजे अपमान नव्हे. विज्ञानात प्रत्येक दाव्याला विचारला जातो तोच हा प्रश्न आहे, आणि तो आपल्या माणसाच्या बाबतीत तर आपणच आधी विचारला पाहिजे.

पुरावा म्हणजे काय, हे समजायला ढोकीकरांना दूर जावे लागत नाही. जवळच तेर हे गाव आहे. तेर म्हणजेच प्राचीन तगर नगर, असे अभ्यासक मानतात. का मानतात? सुमारे १९०० वर्षांपूर्वी एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या सागरी प्रवासाच्या पुस्तकात पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठे शहर असल्याची नोंद आहे. दुसरीकडे तेरच्या मातीतून त्या काळच्या वस्तू निघाल्या. त्यांतील कित्येक तेथील लामतुरे वस्तुसंग्रहालयात तुम्ही पाहिल्याही असतील. पुस्तक लिहिणाऱ्याला या मातीतल्या वस्तू ठाऊक नव्हत्या, आणि वस्तू पुरणाऱ्या काळाला पुस्तक ठाऊक नव्हते! असे दोन स्वतंत्र साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले, की तिला वजन येते.

आता हीच कसोटी चौपाटीच्या विमानाला लावू. तळपदे ही काल्पनिक व्यक्ती नव्हे. मुंबईच्या या गृहस्थांना संस्कृत ग्रंथांचा नाद होता आणि विमानविद्येचा ध्यास होता. कथा अशी, की त्यांचे चालकाशिवायचे विमान दीड हजार फूट उंच गेले, मोठमोठ्या लोकांनी ते पाहिले आणि 'केसरी'त बातमी आली. पण १८९५ सालच्या त्या अंकाची तारीख सांगून बातमी अभ्यासकांपुढे ठेवली गेलेली नाही. छायाचित्र नाही, मोजमापे नाहीत, इंजिनाची शक्ती किती, वजन किती, याचा तपशील नाही. आहेत ती पुष्कळ वर्षांनंतरची कथने.

"पण ही गोष्ट शेकडो ठिकाणी छापून आली आहे!" असे तुम्ही म्हणाल. आली आहे, खरे. परंतु ढोकीच्या बाजारात एकाने सकाळी "बिबट्या दिसला" म्हटले आणि संध्याकाळपर्यंत पन्नास जणांनी ते सांगितले, म्हणून बिबट्या पाहणारे पन्नास होत नाहीत. पाहणारा एकच राहतो. एकाचे वाचून दुसऱ्याने लिहिले, तर त्या दोन साक्षी नव्हेत.

याउलट राइट बंधूंचे पाहा. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे पहिले उड्डाण अवघे १२ सेकंद टिकले आणि त्यात अंतर कापले गेले १२० फूट. पण त्याचे छायाचित्र आहे, रोजनिशीत नोंद आहे, घरी पाठवलेली तार आहे, पाहणारे पाच जण होते, आणि १९०६ साली मिळालेले पेटंट आहे. तरीही कित्येकांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, बरे का! १९०८ साली फ्रान्समध्ये लोकांसमोर विमान उडवून दाखवले, तेव्हा कोठे शंका मिटली. म्हणजे "दाखवा" ही मागणी केवळ आपल्याकडच्या माणसाला केली जाते, असे नाही.

आपल्याकडेही भक्कम दाखल्यांचे संशोधक आहेत. १८६७ साली मुंबईत जन्मलेले शंकर आबाजी भिसे यांनी छपाईचे खिळे पाडण्याचे यंत्र तयार केले. लंडनमध्ये दादाभाई नौरोजींनी त्यांना पाठबळ दिले. पुढे ते न्यूयॉर्कला गेले. त्यांच्या यंत्रांची पेटंटे तारखांसह, आकृत्यांसह आजही वाचता येतात. भिसे यांचे नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकले आहे? ऐकीव गोष्टीचा डंका वाजतो आणि कागदोपत्री सिद्ध असलेला माणूस विस्मरणात जातो, हे मला अधिक दुःखाचे वाटते.

मग तळपदे यांच्यावर लेखच नको काय? माझ्या मते अवश्य हवा. ज्ञानकोश दोन निरनिराळे प्रश्न विचारतो. पहिला उल्लेखनीयतेचा : या व्यक्तीविषयी तिच्या गोतावळ्याबाहेरच्या लोकांनी सविस्तर लिहिले आहे काय? दुसरा विश्वासार्हतेचा : जे लिहिले ते कशावरून? पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे आहे. तळपदे यांच्या कथेशी 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचे नाव जोडले जाते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच शास्त्रज्ञांनी तो ग्रंथ तपासला आणि १९७४ साली निष्कर्ष मांडला, की तो प्राचीन नसून १९०४ च्या आधीचा असू शकत नाही आणि त्यातील विमाने उडण्याजोगी नाहीत. २०१५ साली मुंबईच्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवरून मोठा वाद झाला, त्याच वर्षी तळपदे यांच्या कथेवर हिंदी चित्रपटही निघाला. तेव्हा लेख लिहावा, पण त्यात "उडवले" असे न लिहिता "उडवले असे सांगितले जाते" असे लिहावे. कोणी सांगितले, केव्हा सांगितले आणि तपासात काय आढळले, तेही लिहावे. यात तळपदे यांचा अवमान नाही. न झालेल्या पराक्रमाची माळ एखाद्याच्या गळ्यात घालणे, हाच खरा अवमान होय.

या नियमांवर एक आक्षेप मात्र रास्त आहे. ज्यांच्याविषयी कोणी लिहिलेच नाही, त्यांनी काय करावे? ढोकी हे तेरणा साखर कारखान्याचे गाव. अशा गावात यंत्रांची नस जाणणारी माणसे असतातच. उद्या एखाद्या फिटरने खरोखर उपयुक्त अवजार बनवले, तर मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांना त्याचा पत्ता लागेलच असे नाही. नोंदीअभावी खेड्यातले गुणी लोक ज्ञानकोशाबाहेर राहतात, ही उणीव खरी आहे.

पण यावर कसोटी सैल करणे हा उपाय नव्हे. कसोटी सैल केली, तर खऱ्याबरोबर खोटेही आत येते, आणि मग त्या फिटरच्या खऱ्या अवजारावरही कोणी विश्वास ठेवणार नाही. उपाय आहे नोंद करण्याचा, आणि तो तुमच्या हाती आहे. अवजार पाहायला जा. तारीख लिहा, मापे घ्या, आकृती काढा, छायाचित्र घ्या. नात्यात नसलेल्या दोघांतिघांसमोर ते चालवून पाहा. तासाभरात काम किती झाले, ते मोजा. जिथे फसले तेही लिहा. ती माहिती जिल्ह्याच्या वर्तमानपत्राकडे किंवा विज्ञान मासिकाकडे पाठवा. ज्ञानकोश हा शेवटचा मुक्काम आहे, पहिला नव्हे.

शिक्षकांनाही एक विनंती. चरित्र पाठ करून घेण्याऐवजी वर्षातून एकदा एक चरित्र तपासून घ्या. प्रत्येक वाक्यापुढे मुलांना "कशावरून?" एवढाच शब्द लिहायला सांगा. उत्तर मिळेल ते वाक्य ठेवावे, न मिळेल ते खोडावे.

१८९५ साली चौपाटीवर वही-पेन्सिल घेऊन एक जरी चौकस विद्यार्थी उभा असता, तर काय घडले ते आज आपल्याला नेमके ठाऊक असते. पुढच्या वेळी तो विद्यार्थी तुम्ही व्हा!