जुन्या मोटारींचा बाजार आणि विक्रेत्यांची शाळा

एप्रिल २०२२ मध्ये महाराष्ट्रातील कोरोनाविषयक निर्बंध उठले आणि दोन वर्षे खंडित झालेले मेळावे, परिषदा व प्रशिक्षणवर्ग हळूहळू पूर्ववत सुरू झाले. नव्या मोटारींच्या दालनांतील नोकरवर्गाला धडे देणे हे कारखानदार कंपन्यांचे कामच असते. ते त्यांनी पुन्हा हाती घेतले. परंतु ज्याच्या पाठीशी कोणतीही कंपनी नाही, रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत चारसहा गाड्या उभ्या करून जो धंदा करतो, त्या जुन्या मोटारींच्या स्वतंत्र विक्रेत्याला असे बोलावणे सहसा जात नाही. मनमाडसारख्या गावात पहिली मोटार घेऊ पाहणारा शिक्षक अथवा रेल्वेतील कारकून बहुधा त्याच्याच दारी जातो. तेव्हा त्याला शिकवायचे कोणी, हा प्रश्न केवळ त्याच्या धंद्यापुरता राहत नाही.

या गिऱ्हाइकाने आयुष्यात घेतलेली घराखालोखालची सर्वांत मोठी वस्तू म्हणजे ही मोटार. भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम आणि पतपेढीचे कर्ज तिच्यात गुंतलेले असते. विकणाऱ्याचा धोकाही लहान नाही. गाडी दिली, पैसे घेतले, कोऱ्या अर्जांवर सह्या केल्या की आपण मोकळे झालो, असा समज सार्वत्रिक आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात तो पार खोडून काढला. एका मालकाने विकलेली मोटार एकापाठोपाठ अनेक हातांतून गेली. नोंदणीवर नाव मात्र पहिल्याचेच राहिले. पुढे तिच्याखाली सापडून एक जीव गेला. नुकसानभरपाईची जबाबदारी न्यायालयाने नोंदलेल्या मालकावर टाकली. गाडी विकून निश्चिंत झालेल्या किती गृहस्थांना या निकालाची वार्ता असेल? आणि सह्यांचे कोरे कागद महिनोन्‌महिने टेबलाच्या खणात ठेवणाऱ्या विक्रेत्याला तरी ती असेल काय?

महासाथीच्या काळात हा व्यवसाय बाहेरून तेजीत दिसला, पण त्याची नियमचौकट पायाखालून बदलत गेली. टाळेबंदीनंतर लोक सार्वजनिक वाहनांना बिचकू लागले, २०२१ मध्ये चिप्सच्या टंचाईमुळे नव्या गाड्यांसाठी महिनोन्‌महिने थांबावे लागले आणि जुन्या गाड्यांचे भाव चढले. त्याच सुमारास परिवहन खात्याची अनेक कामे संगणकावर गेली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली आणि १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत वाहनांच्या विक्रेत्यास प्राधिकारपत्र घेणे आवश्यक ठरले. मालकाने गाडी विक्रेत्याच्या ताब्यात दिल्याची सूचना संकेतस्थळावर नोंदवली की तेथून विक्रेता त्या गाडीचा मानीव मालक होतो. गाडी रस्त्यावर कशासाठी काढली, किती फिरवली याची नोंदवही त्याने ठेवायची; ती गाडी चाचणी, दुरुस्ती, रंगकाम अशा कारणांखेरीज फिरवायची नाही. सर्वोच्च न्यायालयाने दाखवून दिलेल्या संकटावर हाच नेमका उतारा आहे. तथापि नियम राजपत्रात येणे आणि तो महामार्गावरच्या पत्र्याच्या कार्यालयात पोहोचणे यांत बरेच अंतर असते.

कराच्या बाबतीत हे अंतर उघड दिसले. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेर येथे भरलेल्या वस्तू व सेवा कर परिषदेने जुन्या वाहनांवरील कराचा दर सरसकट १८ टक्के केला, आणि देशभर गोंधळ उडाला. कर संपूर्ण किमतीवर आहे, घरची गाडी शेजाऱ्याला विकली तरी तो भरावा लागेल, असे संदेश फोनवरून फिरू लागले. वस्तुस्थिती अशी की, नोंदणीकृत विक्रेत्याने खरेदीवरील कराची वजावट घेतली नसेल, तर त्याने खरेदी व विक्री यांतील फरकावरच कर द्यायचा असतो. तीन लाखांना घेतलेली गाडी सव्वातीन लाखांना विकली, तर कर २५ हजारांवर, म्हणजे साडेचार हजार रुपये. संपूर्ण किमतीवर तो धरला, तर ५८ हजार ५०० होतो. खाजगी व्यक्तीने आपली गाडी दुसऱ्या खाजगी व्यक्तीस विकली, तर हा कर मुळीच नाही. एवढी गोष्ट फळ्यावर मांडून दाखवली, तर दहा मिनिटांत कळते. ती न कळलेला विक्रेता एकतर गिऱ्हाइकाकडून अवाजवी पैसे घेतो, नाहीतर पावतीच टाळतो. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान नव्या मोटारींवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा हातातल्या मालाची किंमत नव्याने कशी बांधावी, हेही त्याने स्वतःच्या नुकसानीतून शिकावयाचे काय?

अर्थशास्त्राला या बाजाराचे विशेष प्रेम आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेला, त्याआधी तीन नियतकालिकांनी नाकारलेला निबंध जुन्या मोटारींविषयीच होता. २००१ च्या नोबेल पारितोषिकात त्याचा मोठा वाटा आहे. अमेरिकेत खोट असलेल्या गाडीला लिंबू म्हणतात. (आपल्याकडे लिंबू गाडीला बाधा होऊ नये म्हणून पुढे बांधतात, तिकडे गाडीच लिंबू!) अकरलॉफ यांचे म्हणणे असे की, गाडीची खोट विकणाऱ्यास ठाऊक असते, घेणाऱ्यास नसते, म्हणून घेणारा प्रत्येक गाडीला सरासरी किंमतच देऊ करतो. त्या किमतीत चांगल्या गाडीचा मालक विकावयास तयार होत नाही आणि बाजारात वाईटच माल उरत जातो. खोट्या नाण्याने खऱ्याला हुसकावावे, तसाच हा प्रकार.

या विवेचनाचा विक्रेत्याच्या शिक्षणाशी निकटचा संबंध आहे. एखाद्याने पदरचे दोन दिवस आणि चार पैसे खर्चून गाडी पारखण्याची विद्या मिळवली, कागदपत्रे चोख ठेवली, तरी गिऱ्हाइकाला तो आणि शेजारचा यांत फरक दिसत नसेल, तर त्याचा खर्च वाया जातो. म्हणून तो शिकत नाही. यात आळसाचा भाग थोडा, हिशेबाचा जास्त. प्रशिक्षण आणि त्याची दर्शनी खूण ही दोन्ही एकत्र आली, तरच शिकणे परवडते.

नियम आणि करांची माहिती फोनवरील चित्रफितीतून देता येईल, हे मान्य करावयास हवे. टाळेबंदीत ती सोय मोलाची ठरली. परंतु गाडीची पारख पडद्यावरून येत नाही. जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणला असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. अशी गाडी धुऊनपुसून दूरच्या गावी विकावयास आली, तर तिचे पूर्वचरित्र कसे ओळखावे? सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे का ते पाहावे, पायातला गालिचा उचलून वास घ्यावा, सीटखालच्या बोल्टांवर गंज आहे का हे बोटाने चाचपावे. मीटर ४० हजार किलोमीटर सांगतो आणि क्लचच्या पेडलचे रबर झिजून गुळगुळीत झाले आहे, तर कोणावर विश्वास ठेवावा? ही विद्या उस्तादाच्या शेजारी उभे राहून येते. शिवाय समोरासमोरच्या वर्गात परिवहन कार्यालयातील अधिकाऱ्यालाही चार गोष्टी ऐकाव्या लागतात. संकेतस्थळ कोठे अडते, बँकेचा बोजा उतरण्यास किती दिवस लागतात, हे परिपत्रकाला कोणी सांगू शकत नाही.

असे वर्ग मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत भरले, तर या विक्रेत्यांच्या काही उपयोगाचे नाहीत. मनमाड त्यासाठी सोयीचे ठिकाण आहे. मुंबई-भुसावळ, दौंड आणि सिकंदराबाद अशा तीन वाटा येथे मिळतात, पुणे-इंदूर महामार्ग गावातूनच जातो. येवला, नांदगाव, चांदवड, मालेगाव, कोपरगाव येथून सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येते. पानेवाडीच्या इंधन डेपोंमुळे टँकर आणि त्यांचे फिटर यांची येथे वाण नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या कार्यशाळा रविवारी रिकाम्याच असतात. रेल्वेच्या या गावाला प्रशिक्षणाचे महत्त्व पटवून देण्याचीही गरज नसावी. गाडी चालवणाऱ्याला आणि सांधे बदलणाऱ्याला रेल्वे ठरावीक काळाने पुन्हा वर्गात बसवते. त्यासाठी भुसावळला मोठी प्रशिक्षण संस्थाच आहे.

यात एक धोका आहे, आणि तो ॲडम स्मिथने १७७६ मध्येच ओळखला होता: एका धंद्यातले लोक करमणुकीसाठी जमले, तरी बोलणे भाव चढवण्याच्या मसलतीवर येते. दुसरे असे की, कर्ज देणाऱ्या कंपन्यांच्या पैशावर वर्ग चालला, तर दुपारनंतर त्याची जाहिरातसभा होईल. यावर उपाय म्हणजे ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्याला त्याच खोलीत खुर्ची द्यावी आणि खर्च विक्रेत्यांच्या शुल्कातून व परिवहन खात्याकडून व्हावा.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात जुन्या मोटारींच्या विक्रेत्यास परवान्यापूर्वी सहा तासांचे शिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते. आपल्या २०२२ च्या नियमांत अर्ज आहे, नोंदवही आहे. शिक्षणाची अट नाही. ती घालावी, उत्तीर्ण विक्रेत्याचा प्राधिकार क्रमांक दुकानाच्या पाटीवर ठळक अक्षरांत लावणे सक्तीचे करावे आणि तो क्रमांक खरा की खोटा हे गिऱ्हाइकाला फोनवर पाहता यावे. प्राधिकारपत्राची मुदत पाच वर्षांची आहे. एप्रिल २०२३ मध्ये घेतलेली पहिली पत्रे एप्रिल २०२८ पासून नूतनीकरणास येतील. वर्गांची आखणी त्याआधी व्हावयास हवी.