कवटीतील दाब आणि अंगठ्याची संमती

धम्मदीक्षा घेताना आपण देवदेवस्की सोडली. तरी घरातल्या कर्त्या माणसाचे अर्धे अंग रात्रीतून लुळे पडले की अजूनही कोणी ‘वारे गेले’ म्हणतो आणि अंगारा शोधू लागतो. कोणास दुखविण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. मेंदूत रक्तस्राव झालेल्या मनुष्यापाशी तेवढा अवधीच नसतो.

कवटी ही हाडांची बंद पेटी होय. तीत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचे पाणी एवढेच मावते. सांडलेले रक्त जागा अडविते. प्रथम पाणी सरून वाट देते, परंतु ती वाट संपताच दाब झपाट्याने चढतो व मेंदूस रक्त मिळेनासे होते. प्रौढ निरोगी माणसात हा दाब पाऱ्याच्या सुमारे 5 ते 15 मिलिमीटर असतो. तो विशीच्या वर टिकू लागला की डॉक्टर सावध होतात. तो मोजण्यासाठी कवटीस लहान छिद्र पाडून मेंदूच्या पोकळीत बारीक नळी सोडतात. तीच नळी साचलेले पाणी बाहेरही काढते. तिच्यामुळे जंतुसंसर्ग वा नवा रक्तस्राव होण्याचा धोकाही असतो.

म्हणूनच संमतीपत्र असते. आमच्याकडे एक भगिनी आल्या होत्या. पतीच्या डोक्यास छिद्र पाडण्याच्या इंग्रजी कागदावर त्यांचा अंगठा होता, आणि त्यात काय लिहिले आहे हे त्यांस कोणीही, अगदी शिकलेल्या दिरानेही, सांगितले नव्हते. 2008 साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की उपचाराचे स्वरूप, लाभ, धोका व पर्याय सांगूनच संमती घेतली पाहिजे. रुग्ण बेशुद्ध असता हे ऐकण्याचा अधिकार त्याच्या पत्नीचाही आहे, केवळ पुरुषमंडळींचा नव्हे. मात्र प्राणच धोक्यात असता संमतीवाचून उपचार करण्यास कायद्याची आडकाठी नाही. तेथे वाद घालीत बसू नये.

यंत्र नाही म्हणून लगेच शेत विकून दूरच्या शहरी धावण्यापूर्वीही विचारावे. बोलिव्हिया व इक्वेडोर येथील 324 रुग्णांच्या, 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाब मोजून केलेले उपचार हे वारंवार तपासणी व सीटी स्कॅन यांवर चालविलेल्या उपचारांहून सरस ठरले नाहीत. ते रुग्ण डोक्यास मार लागलेले होते, हे खरे. तरी जागती नजर यंत्राइतकीच मोलाची, असे आम्हांस वाटते.

नागपूरची धम्मदीक्षा 1956 ची. आपल्या शहरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही त्याच सालचे. त्याचे ‘घाटी’ रुग्णालय आपलेच आहे. आणि परमानंद कटारा खटल्याच्या 1989 च्या निकालानुसार सरकारी असो वा खासगी, कोणत्याही डॉक्टरास प्राणसंकटातील रुग्ण दारातून परत पाठविता येत नाही.