नवी विंडोज, जुनी मेमरी

विंडोज 10 ला नेहमीचे मोफत अपडेट देणं मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 ला थांबवलं. मग ज्या जुन्या कॉम्प्युटरांना झेपली, त्यांच्यावर विंडोज 11 चढली. त्यातल्या काहींचं लगेच रडगाणं सुरू! काम करता करता पडदा निळा (अलीकडच्या अपडेटनंतर काळा) होतो आणि त्यावर 'मेमरी मॅनेजमेंट' अशी अक्षरं उमटतात.

दुकानदार म्हणतो, "फॉरमॅट मारावं लागेल." थांबा! फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं. ताईचा प्रोजेक्ट, आजोबांचे फोटो, सगळं साफ. आधी ते पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, मग पुढचं बोला.

पण काल चालणारा कॉम्प्युटर आज का पडतो? समजा, वर्गात शेवटच्या बाकाचा पाय मोडका आहे. मुलं कमी असली की तिथं कुणी बसतच नाही, त्यामुळे कुणाला पत्ताही नसतो. पटसंख्या वाढली, की धडाम! नवी विंडोज मेमरी जास्त वापरते. रॅममधला एखादा खराब कप्पा तेव्हा पहिल्यांदा हाताशी येतो.

बाकं तपासायची सोय विंडोजमध्येच आहे. स्टार्टमध्ये इंग्रजीत 'मेमरी डायग्नोस्टिक' टाइप करा. कॉम्प्युटर पुन्हा सुरू होऊन तपासणी करेल. वेळ लागतो, तोवर कॅरम खेळा. चूक निघाली तर घरातल्या मोठ्यांना सोबत घ्या, डेस्कटॉपचा प्लग काढा, मेमरीची पट्टी काढा, तिचे सोनेरी दात खोडरबराने हलकेच पुसा आणि पट्टी 'खट्' आवाज येईपर्यंत दाबून बसवा. पट्ट्या दोन असतील तर एकेक लावून बघा, चोर सापडेल. (लॅपटॉप मात्र उघडू नका हं!)

मेमरी ठणठणीत निघाली तर संशय ड्रायव्हरवर. प्रिंटर, ग्राफिक्स कार्ड यांच्याशी बोलणारे हे छोटे प्रोग्रॅम जुन्या विंडोजसाठी लिहिलेले असतात. ज्या कंपनीची वस्तू, तिच्याच साइटवरून नवे घ्या.

'मेमरी अपुरी आहे' ही तक्रार वेगळी. विंडोज 11 ला किमान 4 जीबी रॅम लागते, पण तेवढ्यात ती धापा टाकते. रॅम भरली की ती डिस्कवर जागा शोधते, आणि सी ड्राइव्ह तर आधीच गच्च! कारण 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरमध्ये जुनी विंडोज तशीच पडून असते. ते फोल्डर घाईने उडवू नका. त्याच्याच जोरावर 10 दिवसांच्या आत सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून 'गो बॅक' म्हणत विंडोज 10 वर परतता येतं.